डिसिजन लॅबमधलं काम: आय ट्रॅकर, उपाशी माणसं आणि एक मॉडेल

माणूस दोन गोष्टींतली एक निवडतो तेव्हा काय काय घडतं हे मिलिसेकंदात मोजता येतं आणि मी ते काम जवळून केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आपल्याकडे सायकॉलॉजी म्हटलं की लोकांना एकतर काउन्सेलिंग आठवतं नाहीतर "मग सांग बरं माझ्या मनात काय चाललंय" असं विचारतात. रिसर्च लॅबमध्ये रोज काय चालतं, गणित किती लागतं, माणसं कशी बोलवतात, त्यांना काय करायला लावतात हे कुणी सांगत नाही. मला स्वतःला जायचं होतं तेव्हा मी बरंच शोधलं होतं, मराठीत हाताला काही लागलं नाही.

तर मी अमेरिकेत कोलंबसला, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्सचं मास्टर्स करत होते, त्याआधी पुण्यात सायकॉलॉजी घेऊन बीए. हे दोन्ही विषय एकाच टेबलावर येतात अशी जागा असते हे तिथे गेल्यावर कळलं. सायकॉलॉजी डिपार्टमेंटमधल्या एका लॅबला सेशन घ्यायला आणि डेटा साफ करायला माणूस हवं होतं, मी मेल टाकला, भेटायला बोलावलं, गेले, काम मिळालं. विषय असा की माणूस कशाकडे बघतो आणि किती वेळ बघतो याचा त्याच्या निवडीवर किती परिणाम होतो आणि ते आकड्यांत कसं मांडायचं. कोलंबस या विषयासाठी चांगलं ठिकाण आहे, कारण ज्या मॉडेलवर हे सगळं उभं आहे ते डिफ्यूजन मॉडेल, म्हणजे निर्णय कसा आणि किती वेळात होतो याचं गणित, १९७८ साली मांडणारे रॉजर रॅटक्लिफ इथलेच प्रोफेसर. त्यांचा तो पहिला पेपर खरं तर स्मरणशक्तीवरचा होता, एखादा शब्द मघाशी बघितला होता की नव्हता हे माणूस किती वेळात ओळखतो यावरचा, आणि तेच गणित पुढे चॉकलेट निवडण्यापर्यंत येऊन पोचलं.

सुरुवातीला मशीनला हातसुद्धा लावू देत नाहीत. आधी एथिक्सचा ऑनलाइन कोर्स, प्रत्येक भागानंतर टेस्ट, पास झालात की सर्टिफिकेट, ते लॅब मॅनेजरकडे जमा केलं की मग प्रोजेक्टवर नाव चढतं. बरेच जण हा कोर्स पटापट क्लिक करून उरकतात. मी नीट वाचला आणि वाचलं ते बरं केलं. अलाबामातल्या टस्कगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही, आणि ते बाहेर फुटल्यानंतर १९७९ चा बेलमाँट रिपोर्ट आला ज्याच्यावर अमेरिकेतले माणसांवरच्या प्रयोगांचे आजचे नियम उभे आहेत. हे वाचल्यावर समोरच्या माणसाला संमतीचा कागद देताना आपोआप सावकाश बोललं जातं. "कधीही उठून जाऊ शकता, आलात त्याचे पैसे मिळतील" हे वाक्य मी दर सेशनला डोळ्यांत बघून सांगायचे, आणि हे मी कुठेही काम केलं तरी सोडणार नाही.

नवीन माणसाने सेशन घ्यायच्या आधी स्वतः सब्जेक्ट म्हणून बसायचं असा लॅबचा नियम. खोली लहान, खिडकी नाही, दिवे मंद. टेबलाला हनुवटी टेकवायचा स्टँड, वर कपाळ टेकायला आडवी पट्टी, समोर स्क्रीन आणि स्क्रीनच्या खाली आय ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आणि शेजारी इन्फ्रारेड दिवा जो आपल्याला जवळजवळ दिसत नाही. हा कॅमेरा सेकंदाला हजार वेळा डोळ्याची जागा टिपतो. त्याला दोन गोष्टी सापडाव्या लागतात, एक डोळ्यातली बाहुली आणि दुसरा डोळ्यावर चमकणारा इन्फ्रारेडचा बारीक ठिपका, आणि या दोघांमधल्या अंतरावरून तो नजर स्क्रीनवर कुठे पडलीय ते काढतो. त्यासाठी आधी कॅलिब्रेशन करतात, स्क्रीनवर एकेक करून नऊ ठिपके येतात, प्रत्येकाकडे बघायचं, मग तेच परत तपासणीसाठी. चूक साधारण अर्ध्या अंशाच्या आत आली तर पुढे जायचं, नाहीतर परत पहिल्यापासून.

कॅलिब्रेशन ऐकायला सोपं वाटतं पण सेशन घेणाऱ्याचं निम्मं कसब तिथेच लागतं. चष्म्यावर इन्फ्रारेड चमकतो. ज्येष्ठ लोकांचा बायफोकल असला तर ते हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघायला जातात आणि डोकं हललं की सगळं गेलं. आणि काजळ! होस्ट कॉम्प्युटरवर डोळ्याचं चित्र मोठं करून दिसतं, त्यात मशीनला जे बाहुली वाटतं ते निळं रंगवलेलं असतं. एकदा एक मुलगी आली, चेन्नईची, डोळ्यात सुंदर ठसठशीत काजळ, आणि स्क्रीनवर बघते तर बाहुली निळी आहेच पण खालच्या पापणीची अख्खी कडही निळी, मशीनला काळं म्हणजे बाहुली एवढंच कळतं त्यामुळे ते कधी बाहुली पकडत होतं कधी पापणी. थ्रेशोल्ड, म्हणजे किती काळं असलं की बाहुली धरायची ती मर्यादा, खाली आणून बघितलं, तरी जमेना, शेवटी तिला मेकअप पुसायचे वाइप्स दिले. लोकांना जायच्या मेलमध्ये "मस्कारा लावून येऊ नका" असं आधीपासून होतं, त्यात काजळ हा शब्द मी घालायला लावला. अमेरिकन लॅबच्या सूचनापत्रात काजळ आलं याचं मला फार बरं वाटलं, कारण नाहीतर अशा मुलींचा डेटा खराब म्हणून काढून टाकला जातो आणि मग अभ्यासात त्या उरतच नाहीत.

आता प्रत्यक्ष काम काय असायचं ते सांगते. आम्ही जे करत होतो त्याचा मूळ साचा क्रायबिक, आर्मेल आणि रांगेल या तिघांच्या २०१० च्या पेपरमधला, तो कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठात झालेला प्रयोग. त्यात ३९ लोक होते. लोकांना तीन तास काही न खाता यायला सांगायचं. आल्यावर चिप्स, चॉकलेट, बिस्किटं अशा खाऊचे फोटो एकेक दाखवायचे आणि उणे दहा ते अधिक दहा मार्क द्यायला लावायचे, शेवटी हे खायला किती आवडेल म्हणून. मग दुसऱ्या भागात दोन-दोन फोटो, एक डावीकडे एक उजवीकडे, पाहिजे तेवढा वेळ घ्या आणि की दाबून एक निवडा, असे शंभर. आणि शेवटी कॉम्प्युटर त्यातली एक निवड रँडम काढतो आणि तुम्ही त्यात जे निवडलं होतं तो खाऊ खरोखर समोर आणून देतात, आणि अर्धा तास तिथेच बसायचं, दुसरं काही खायचं नाही.

लोक विचारायचे, हा उपास आणि हे खायला लावणं कशाला? कारण नुसतं विचारलं तर माणूस जे बरं दिसेल ते बोलतो. मला फळं आवडतात, मी चिप्स खात नाही, वगैरे. भूक लागलेली असली आणि शंभरातली कुठलीही एक निवड खरी होणार असली की प्रत्येक वेळी मनापासूनच निवडावं लागतं. दुसऱ्या एका अभ्यासात आम्ही पैशांत किंमत विचारायचो, तिथेही तसंच. तुम्ही सांगायचं की या पाकिटाला मी जास्तीत जास्त किती देईन, मग कॉम्प्युटर एक रँडम किंमत काढतो, ती तुमच्या आकड्याएवढी किंवा कमी निघाली तर वस्तू तुमची आणि पैसे कॉम्प्युटरच्या आकड्याएवढेच द्यायचे, जास्त निघाली तर विषय संपला. बेकर, डीग्रूट आणि मार्शक यांनी १९६४ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती इतकी पक्की आहे की खरं सांगण्यातच तुमचा फायदा असतो. कमी सांगितलं तर पैसे वाचत नाहीत, उलट परवडणाऱ्या किमतीत मिळाली असती ती वस्तू हातची जाते. पण हे समजावून सांगायला वेळ लागतो. भाव करायची सवय जगात सगळ्यांनाच असते, ओहायोच्या शेतातून आलेल्या पोरालाही असते, म्हणून आम्ही आधी दोन-तीन लुटुपुटीच्या फेऱ्या घ्यायचो आणि माणसाला ते पटल्याशिवाय पुढे जायचो नाही. आणि अशा लॅबमध्ये सब्जेक्टशी खोटं बोलायला पूर्ण बंदी असते. सायकॉलॉजीच्या काही प्रयोगांत चालतं, इथे चालत नाही, कारण एकदा का लोकांना वाटलं की हे काहीही सांगतात की मग कुठल्याच नियमावर त्यांचा विश्वास बसत नाही.

मी स्वतः बसले तेव्हा मला वाटलं होतं मी फोटो आले की एकदा इकडे एकदा तिकडे बघते आणि ठरवते. नंतर माझंच रेकॉर्डिंग लावून दाखवलं. सोप्या जोड्यांत खरंच एक-दोन नजरा. पण दोन्ही आवडीच्या असल्या की नजर डावी, उजवी, परत डावी, परत उजवी, आणि शेवटची नजर जिथे होती तीच बहुतेक वेळा निवडलेली. यातलं काहीही मला तेव्हा जाणवलं नव्हतं. निवड म्हणजे आत कुठेतरी आधीच ठरलेलं असतं आणि डोळे नुसतं ते शोधतात असं मी धरून चालले होते, आणि इथे तर ठरणं आणि बघणं एकत्रच चाललेलं दिसत होतं.

आता मॉडेल. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी हा भाग सोडू नका, रस्सीखेच खेळला असाल तर कळेल. दोरीच्या मधोमध रुमाल बांधलाय, डावा संघ म्हणजे डावा खाऊ, उजवा संघ म्हणजे उजवा खाऊ, ज्याची जेवढी आवड तेवढी त्याची ताकद, आणि रुमाल ज्या बाजूची रेघ ओलांडेल तो जिंकला, की दाबली. शिवाय दर क्षणाला रुमालाला इकडे-तिकडे हिसके बसतायत, कारण मेंदूतले सिग्नल स्वच्छ नसतात, म्हणून कमी ताकदीचा संघही कधी कधी जिंकतो. इतकं रॅटक्लिफच्या जुन्या मॉडेलमध्येच आहे. २०१० च्या पेपरने त्यात एक गोष्ट घातली: ज्या बाजूकडे तुमची नजर आहे तो संघ पूर्ण ताकद लावतो आणि ज्याच्याकडे नजर नाही त्याची ताकद कापली जाते. किती कापली जाते त्या आकड्याला थीटा म्हणतात, आणि त्यांच्या डेटात तो ०.३ च्या आसपास निघाला, म्हणजे न बघितलेल्या गोष्टीची किंमत त्या क्षणाला तीस टक्केच धरली जाते.

आकडे घालून बघा. डाव्याला ६ मार्क, उजव्याला ५. डावीकडे बघताना ओढ ६ वजा १.५ म्हणजे ४.५ डावीकडे. नजर उजवीकडे गेली की १.८ वजा ५, म्हणजे ३.२ उजवीकडे! आवड तीच, मार्क तेच, पण नजर हलली की ओढीची दिशाच बदलते. म्हणून जवळजवळ सारख्या दोन गोष्टींत माणूस इतका वेळ रेंगाळतो आणि म्हणूनच कुठली बाजू जास्त वेळ बघितली गेली यावर निकाल फिरतो. पण डाव्याला ९ आणि उजव्याला १ असेल तर? उजवीकडे बघतानाही २.७ वजा १, ओढ डावीकडेच. त्यामुळे नजर कितीही खिळली तरी फारच कमी आवडीचं सहसा जिंकत नाही.

याच्यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. दोन्ही गोष्टी नावडत्या असल्या, समजा दोघांना उणे ४, तर डावीकडे बघताना उणे ४ आणि अधिक १.२, म्हणजे उणे २.८, ओढ उजवीकडे. म्हणजे नावडती गोष्ट जितका जास्त वेळ बघाल तितकी ती नकोशी होते. हे नुसतं कागदावर नाही, आर्मेल, बोमेल आणि रांगेल यांनी २००८ मध्ये करून बघितलंय, एक फोटो ९०० मिलिसेकंद आणि दुसरा ३०० मिलिसेकंद असे आलटून पालटून दाखवायचे. आवडत्या गोष्टी जास्त वेळ दाखवल्या तर निवडल्या जाण्याचं प्रमाण ६ ते ११ टक्क्यांनी वाढलं, आणि नावडत्या जास्त वेळ दाखवल्यावर ७ टक्क्यांनी कमी झालं. माझ्या कितीतरी ओळखीच्या लोकांना वाटतं की जाहिरात सारखी दाखवली की माणूस बाहुल्यासारखा जाऊन वस्तू घेतो, आणि सायकॉलॉजीवाले कंपन्यांना तेच शिकवतात. मला हे मनापासून खोडायचंय. नजरेचा परिणाम खरा आहे, मोजता येतो, आणि तो मर्यादित आहे. नजर माणसाच्या स्वतःच्या आवडीला गुणते, आवड आत नसेल तर गुणायला काही नसतं, आणि नावड असेल तर ती नावडच वाढते. दोन सारख्या साबणांत कुठला घेतला जाईल हे शेल्फवरच्या जागेने ठरू शकेल, पण ज्या साबणाने खाज सुटते तो डोळ्यासमोर धरून ठेवल्याने कुणी विकत घेत नाही.

अर्थात शंका घेणारे म्हणतात की माणूस आवडतं म्हणूनच जास्त बघत असेल, तुम्ही उलटं कशावरून म्हणता. रास्त शंका आहे. २००३ मध्ये शिमोजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून हेच बघितलं होतं, निर्णयाच्या आधीचा सुमारे सेकंदभर नजर निवडायच्या चेहऱ्याकडे वाढत वाढत जाते, आणि त्यांचं म्हणणं आवड आणि नजर एकमेकांना वाढवतात. दोन्ही बाजूंनी काही ना काही होतं असं आता बहुतेक लोक मानतात, किती कुठून यावर वाद चालू आहे. पण वेळ बाहेरून बदलून दाखवला तरी निवड सरकते, हे ९०० आणि ३०० वाल्या प्रयोगांतून दिसतं, त्यामुळे नजर नुसती सावली आहे असं म्हणता येत नाही.

सेशन संपले की खरं बसून करायचं काम सुरू. आधी डेटा साफ करणं. डोळा मिटला ते तुकडे काढायचे, दोन फोटोंच्या मधल्या रिकाम्या जागेवर पडलेली नजर वेगळी करायची, कुणाचं कॅलिब्रेशन मध्येच सरकलं असेल ते ओळखायचं. कंटाळवाणं आहे, तास जातात, पण इथे ढिलाई केली तर पुढचं सगळं वाळूवर. कुणाला वगळायचं याचे नियम डेटा बघायच्या आधीच लिहून ठेवलेले असतात, आणि हा नियम मला फार पटला, कारण निकाल बघून मग माणसं वगळायची म्हटलं तर हवं ते सिद्ध करता येतं.

मग मॉडेल फिट करायचं. प्रत्येक माणसासाठी आकडे शोधायचे, ओढ किती वेगाची, रेघा किती लांब, थीटा किती, आणि निर्णयाबाहेरचा वेळ किती, म्हणजे चित्र डोळ्यातून आत शिरायला आणि बोट की पर्यंत जायला लागणारा वेळ. हे हाताने सोडवता येत नाही, कॉम्प्युटरवर दहा-दहा मिलिसेकंदांच्या पावलांनी हजारो खोट्या निवडी चालवायच्या आणि कुठल्या आकड्यांनी त्या खऱ्यांसारख्या दिसतात ते बघायचं. रात्री लावून घरी जायचं, सकाळी निकाल.

पण त्याच्याही आधी एक पायरी असते आणि ती मला स्टॅटिस्टिक्सच्या वर्गातसुद्धा इतकी ठासून कुणी सांगितली नव्हती. आपणच आकडे ठरवून खोटी माणसं बनवायची, त्यांचा डेटा तयार करायचा, मग जणू आपल्याला आकडे माहीतच नाहीत असं समजून फिट करायचं आणि टाकलेले आकडे परत मिळतात का ते बघायचं. याला पॅरामीटर रिकव्हरी म्हणतात. नाही मिळाले तर खऱ्या माणसांच्या डेटाला हातच लावायचा नाही, कारण मग मॉडेल "या माणसाचा थीटा इतका" म्हणून जे सांगेल त्याला काडीचाही अर्थ नसतो. पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याने, हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा एका बाजूला टाकलेले आकडे, दुसऱ्या बाजूला सापडलेले, आणि सगळे ठिपके तिरक्या रेषेवर ओळीने बसलेले, ते बघून अंगावर काटा आला. खाऊ निवडण्यासारखी साधी गोष्ट, आणि तिच्या आतलं न दिसणारं काहीतरी आपण परत बाहेर काढू शकतो याची खात्री त्या एका चित्राने दिली. दुसरी तपासणी म्हणजे सम नंबरच्या निवडींवर फिट करायचं आणि विषम नंबरच्या निवडी ओळखून दाखवायच्या, २०१० वाल्यांनीही हेच केलं होतं.

या सगळ्यात वेळ हा सगळ्यात मोलाचा आकडा निघतो. दोघांनी चिप्स सोडून चॉकलेट घेतलं, एकाने पाऊण सेकंदात, दुसऱ्याने चार सेकंद लावून. नुसती निवड बघितली तर दोघं सारखेच. वेळ बघितला तर अंदाज येतो की पहिल्याला चॉकलेट बहुधा फार आवडतं आणि दुसऱ्याचं अगदी काठावर होतं. हे मी आता रोजच्या जगण्यातही धरते, कुणी "हो" म्हणायला वेळ लावला तर तो वेळही उत्तराचाच भाग आहे असं समजते.

आणि इथे मला लॅबमधल्या आणखी एका अभ्यासाबद्दल लिहायचंय, ज्येष्ठांच्या. त्यात खाऊ नाही. स्क्रीनवर दहा बाय दहाच्या चौकटीत काही फुल्या येतात, मोजायला वेळ नसतो, त्या ५० पेक्षा जास्त आहेत की कमी ते अंदाजाने सांगायचं. साठी-सत्तरीतले लोक आणि कॉलेजची पोरं दोघांकडून करून घ्यायचं. ज्येष्ठ लोक हळू असतात हे तर उघडच दिसतं. एक आजी यायच्या, रिटायर्ड शाळामास्तरीण, दर ब्रेकला मला सॉरी म्हणायच्या, मी फार हळू आहे ना, माझ्यामुळे तुझा वेळ जातो. मी त्यांना सांगायचे की वेळ घ्या, काही घाई नाही, पण निकालाबद्दल काही सांगायची परवानगी नसते.

आता मॉडेल काय म्हणतं? हळूपणाची फोड करता येते. एखादा माणूस हळू असतो तो आत येणारी माहितीच धूसर आहे म्हणून, की त्याने रेघा लांब ठेवल्यात म्हणून, म्हणजे पुरेशी खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही असं त्याचं धोरण आहे म्हणून, की नुसता डोळा आणि हात यांनाच वेळ लागतो म्हणून? बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. पण वेळांचं वितरण आणि चुका एकत्र ठेवल्या की हे तीन वेगळे करता येतात. रॅटक्लिफ, थापर आणि मकून यांनी २००१ पासून ओळीने हे काम केलंय आणि फुल्यांच्या या कामात ज्येष्ठांच्या माहितीचा दर्जा तरुणांच्या जवळपास तेवढाच निघतो, फरक पडतो तो बहुतेक रेघांचा आणि डोळा-हाताच्या वेळेचा. म्हणजे ज्येष्ठ लोक सावध असतात. सगळ्या कामांत असंच होतं असं नाही, अक्षर झर्रकन दाखवून झाकलं तर ओळखायला ज्येष्ठांना खरंच जड जातं, आणि दोन शब्दांची जोडी लक्षात ठेवायच्या कामातही घसरण दिसते. पण "म्हातारपणी डोकं चालत नाही" या एका वाक्यात आपण ज्या तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो त्या इथे वेगळ्या होतात.

हे मला फार लागलं, कारण आपल्या घराघरांत काय चालतं ते बघा. आई दुकानात दोन साड्या धरून उभी राहते आणि आपण म्हणतो, कर की पटकन. बाबा एटीएमसमोर वेळ लावतात आणि मागचा माणूस चुकचुकतो. मोबाइलवर पैसे पाठवताना सासूबाई तीनदा नंबर वाचतात आणि आपण फोन हातातून घेऊन स्वतः करून टाकतो, की त्यांची रेघ ओलांडायच्या आत निर्णय आपणच घेऊन मोकळे. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग बरोबरच आहे, चुकीचं घेऊन परत करायला जाण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त लागली तर काय झालं." तिने मॉडेल पहिल्याच वेळी बरोबर ओळखलं, रेघा लांब ठेवल्या की चुका कमी होतात.

ज्यांना अशा लॅबमध्ये जायचंय त्यांच्यासाठी: पायथन किंवा आर यातलं एक नीट येऊ द्या, प्रॉबेबिलिटी पक्की करा, कॅल्क्युलस थोडंफार, आणि माणसांशी बोलायची सवय ठेवा, कारण दिवसाला पाच-सहा अनोळखी लोकांना तोच मजकूर तितक्याच आस्थेने सांगावा लागतो. परदेशातच जायला पाहिजे असं नाही, अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सचं सेंटर आहे, आयआयटी कानपूर आणि गांधीनगरलाही हा विषय शिकवतात. आणि आय ट्रॅकर महाग असतो म्हणून अडून बसू नका. लॅपटॉपच्या वेबकॅमवर चालणारं वेबगेझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ब्राउन युनिव्हर्सिटीत बनवलेलं. ते मोठ्या मशीनइतकं अचूक अजिबात नाही, पण डावी की उजवी एवढंच बघायचं असेल तर काम भागतं.

मला स्वतःला आता सांगलीत हे करायचंय, घराजवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात. आजवरचा हा डेटा बहुतेक अमेरिका-युरोपातल्या कॉलेजच्या पोरापोरींचा आहे, सत्तरीतल्या मराठी बायकांचा थीटा किती येतो हे माझ्या माहितीत कुणी बघितलेलं नाही आणि मला ते बघायचंय. खोलीत उजेड चांगला हवा, वेबकॅमला अंधार चालत नाही. फोटो इथले हवेत, चिक्की, बाकरवडी, राजगिऱ्याचा लाडू. संमतीचा कागद मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवायला कुणीतरी बाहेरचं, घरातलं नको, नाहीतर सून म्हणाली म्हणून सही होते. अडचण उपासाची आहे. यातल्या बऱ्याच जणी शुगरच्या गोळ्या घेतात, त्यांना तीन तास उपाशी ठेवणं धोक्याचं, आणि नंतर लाडू खायला लावणं त्याहून. म्हणून खाऊ बाजूला ठेवून ब्लाउजपीस नाहीतर उदबत्तीचे पुडे वापरावेत असं सध्या डोक्यात आहे, शेवटी एक निवड चिठ्ठीने काढायची आणि ती वस्तू घरी न्यायला द्यायची.